मजला चढवायच्या आधी आठवडाभर खोल्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा. निपाणीकडच्या एका कॉलेजात एका मॅडमकडे यंदा पहिल्यांदाच टाइमटेबल आणि खोल्यांचं वाटप आलंय. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीसीए, एमकॉम मिळून २२ डिव्हिजन, वर्गखोल्या २६. दहा ते एकमध्ये खोली म्हणून मिळत नाही, मुलं व्हरांड्यात ताटकळतात, एका खोलीवरून दोन विभागप्रमुखांची वादावादी प्राचार्यांच्या केबिनपर्यंत गेली. मॅनेजमेंट म्हणतंय, वर एक मजला चढवू. मजला खरंच लागेल का, की एखादं सॉफ्टवेअर घेतलं की भागेल, असं मॅडम विचारताहेत.

बेळगावातल्या दोन कॉलेजांत मिळून मी वीसेक वर्षं हेच काम केलंय. पहिली चारपाच वर्षं तर चुका करण्यातच गेली, त्यातल्या एकदोन पुढे सांगतो. मजल्याचं आणि सॉफ्टवेअरचं उत्तर शेवटी देतो, कारण दोन्हीच्या आधी करायचं काम वेगळं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

आधी कागदावरचं गणित करू. सोमवार ते शुक्रवार रोज सात तास आणि शनिवारी चार धरले, तर एका खोलीचे आठवड्याला ३९ तास होतात. २६ खोल्यांचे १०१४. आता गरज बघा. २२ डिव्हिजनना थिअरीचे सरासरी २४ तास धरले तर ५२८. भाषेच्या तासाला डिव्हिजन फुटते, ऑप्शनलला फुटते, त्याचे वरखर्चाचे साठेक तास टाका. झाले ५८८. म्हणजे १०१४ पैकी ५८८, जेमतेम ५८ टक्के. कागदावर तुमच्याकडे खोल्या पुरून उरतात.

मग व्हरांड्यात मुलं का? कारण दहा ते एक हे तीन तास पाच दिवस धरले तर सगळ्या खोल्यांचे मिळून ३९० तास होतात, आणि ते तुम्ही सांगताय त्याप्रमाणे ठासून भरलेत. उरलेल्या ६२४ तासांत फक्त १९८ तास होतात. तिथं खोली तीनातून एकदाच वापरात असते. तुमची अडचण खोलीची कमी आणि घड्याळाची जास्त आहे. वर सहा खोल्या बांधल्यात तर त्याही दहा ते एक भरतील आणि दुपारी कुलपात राहतील. आमच्याकडे असा एक मजला उभा राहिलेला मी डोळ्यांनी बघितलाय. उद्घाटनाला मांडेही वाढले होते.

पण मी वर मांडलेलं गणितही खरं नव्हे. ते टाइमटेबलचं गणित आहे. प्रत्यक्षात किती तास होतात आणि किती बाकं भरतात हे जाऊन बघावं लागतं. त्याची जगभर चालणारी रीत सोपी आहे. खोली किती तास वापरात होती ती टक्केवारी, आणि वापरात असताना किती जागा भरल्या होत्या ती टक्केवारी, या दोन्हींचा गुणाकार करायचा. खोली निम्मा वेळ वापरात आणि त्या वेळात निम्मीच भरलेली, तर खरा वापर २५ टक्के. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने १९९६ साली तिथल्या विद्यापीठांसाठी जी पट्टी सुचवली, तिच्यात २५च्या खाली म्हणजे वाईट, २५ ते ३५ ठीक आणि ३५च्या वर चांगलं. तिथलं चांगलं ३५ला सुरू होतं, हे मॅनेजमेंटच्या बैठकीत जरूर सांगा. नाहीतर कुणीतरी शंभर टक्के का नाही म्हणून विचारणारच.

मोजणी कशी करायची? सेमिस्टरचा तिसरा किंवा चौथा आठवडा धरा. ॲडमिशनची धावपळ संपलेली असते आणि इंटरनल परीक्षा सुरू व्हायच्या असतात. गणपतीच्या आसपासचा आठवडा नको. आपल्या भागात विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन डोकी मोजण्यात अर्थ नसतो. प्रत्येक तास सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी फेरी मारायची, प्रत्येक खोलीत डोकावायचं, डोकी मोजून लिहायची. एनएसएसची चार मुलं दोन मजले सहज करतात. फॉर्मवर तीनच रकाने हवेत: तास चालू आहे का, डोकी किती, आणि कुलूप आहे का. मोजणी आहे हे प्राध्यापकांना आधी सांगू नका, पण हे तपासणीसाठी नाही हे नंतर नक्की सांगा आणि कुणाचंही नाव त्या कागदावर येऊ देऊ नका. एकदा नावं आली की पुढच्या वर्षी कुणी तुम्हाला खरं सांगणार नाही.

कुलपाचा रकाना मी पहिल्या वर्षी ठेवला नव्हता. तो आमच्या शिपाईमामांनी सुचवला. तीस-पस्तीस किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून फिरणारा माणूस. कुठली खोली कधी उघडते हे त्यांच्याइतकं प्राचार्यांनाही माहीत नव्हतं. मला म्हणाले, "सर, तुम्ही उघड्या खोल्या मोजताय, मिटलेल्या कोण मोजणार?" मग आम्ही दोघं फिरलो. ३१ खोल्यांत पाच बंद. एकीत जुन्या उत्तरपत्रिका, एकीत गॅदरिंगच्या स्टेजचे पडदे आणि फळ्या, दोन खोल्यांत मोडकी बाकं छतापर्यंत, आणि पाचवीत काय आहे हे कुणालाच सांगता येईना, कारण किल्ली निवृत्त झालेल्या सरांकडे. ती खोली उघडली तेव्हा आत दोन सायक्लोस्टाइल मशीन आणि चिमण्यांची घरटी निघाली.

मोडकी बाकं फेकता येत नाहीत, ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कॉलेजच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत असतात. समिती नेमा, पंचनामा करा, राइट-ऑफचा ठराव घ्या, कोटेशन मागवा, लिलाव करा. आम्हाला सात महिने लागले. तरी सात महिन्यांत तीन खोल्या मिळाल्या, त्यासुद्धा भंगाराचे पैसे हातात घेऊन. मॅडम, तुमच्या २६मध्ये अशा बंद खोल्या धरल्यात की सोडून, ते आधी बघा.

दुसरं काम मालकीचं. हे सगळ्यात अवघड, आणि सॉफ्टवेअर इथं काडीच्या उपयोगाचं नाही. "ही कॉमर्सची खोली", "तो आमचा हॉल", असं प्रत्येक विभाग म्हणतो आणि त्यांच्या दृष्टीनं ते खरंही असतं. कपाट त्यांचं, फळ्यावरची सुंदर अक्षरातली मुलांची नावं त्यांची. पण त्या खोलीत आठवड्याला १८ तास होत असतील तर २१ तास ती कॉलेजची हवी. मी सरळ सगळ्या खोल्या सामाईक करायला गेलो आणि तोंडावर आपटलो. स्टाफ मीटिंगमध्ये असा गदारोळ झाला की प्राचार्यांनी विषयच पुढे ढकलला. पुढच्या वर्षी वेगळं केलं. विभागाची खोली विभागाचीच ठेवली, तास टाकताना पहिली पसंती त्यांना दिली; मात्र अमुक तारखेपर्यंत त्यांनी जे तास भरले नाहीत ते सामाईक साठ्यात जातील असं लिहून घेतलं. या अटीला कुणी विरोध करू शकलं नाही. दोन सेमिस्टरनंतर निम्म्या विभागांनी खोलीचा आग्रहच सोडला, कपाटाची मात्र किल्ली ठेवली.

आणि किल्ली ज्याच्या हातात खोली त्याची, हे लक्षात ठेवा. सगळ्या किल्ल्या ऑफिसबाहेरच्या एका फळीवर, खोलीच्या नंबराखाली टांगा. त्याआधी नंबर ठरवा. आमच्याकडे एकच खोली 'नवी बिल्डिंग तीन', 'जुनी केमिस्ट्री' आणि '१०४' अशा तीन नावांनी ओळखली जायची, आणि एकदा तीन जणांनी तीन नावांनी ती बुक केली. पाहुणे व्याख्याते दारात, आत बीकॉमचा पेपर चालू. ती चूक माझी होती, कारण रजिस्टर माझ्याकडे होतं.

आता सीमाभागाचं म्हणून जे खास आहे ते, म्हणजे भाषेचा तास. पुण्याकडच्या माणसाला हे चटकन कळणार नाही. ८० मुलांची डिव्हिजन भाषेच्या तासाला चार वाटांनी जाते: कन्नड, मराठी, हिंदी, संस्कृत. तुमच्याकडे बहुधा मराठीकडे निम्मी जात असतील आणि संस्कृतला पाच. प्रत्येक डिव्हिजनचा भाषेचा तास वेगळ्या वेळी ठेवला तर तीन डिव्हिजनना त्या एका तासासाठी बारा खोल्या-तास लागतात. तिन्ही डिव्हिजन एकाच वेळी भाषेला सोडल्या आणि मराठीची मुलं एकत्र, कन्नडची एकत्र बसवली तर चारच लागतात. आठवड्याला भाषेचे चार तास धरले तर ४८चे १६ झाले. खोल्या वाचवायचा याहून मोठा एकही उपाय मला वीस वर्षांत सापडलेला नाही.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती न सांगता हा उपाय कुणी पुढे केला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तास एकत्र केले की वर्कलोड कमी होतो. वर्कलोड कमी झाला की आधी गेस्ट लेक्चरर जातो, आणि आपल्या भागात मराठीच्या विभागात बऱ्याचदा एक कायमचा आणि बाकी गेस्ट अशीच परिस्थिती असते. खोल्या वाचवायच्या नादात मराठीची एक पोस्ट घालवून बसलो तर ती परत मिळायची नाही. म्हणून मधला मार्ग: तिन्ही डिव्हिजन एकाच वेळी सोडा, पण मराठी नि कन्नडचे दोन-दोन गट करा, हिंदी-संस्कृतचा एक-एक. सहा खोल्या लागतात. बारापेक्षा निम्म्या, आणि मराठीच्या वर्गात एकशेवीसऐवजी साठ मुलं. विभागप्रमुखांना विचारल्याशिवाय मात्र यातलं काहीच करू नका.

कर्नाटकात २०२१-२२ला नवं शैक्षणिक धोरण आलं तेव्हा ओपन इलेक्टिव्हनं हीच गोष्ट सगळ्या कॉलेजवर लादली होती. आर्ट्सचा मुलगा कॉमर्सचा पेपर घेणार म्हणजे सगळ्यांचा तो तास एकाच वेळी हवा. २०२४-२५पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर आलं. तो सामाईक तास ज्यांनी नीट बसवला होता त्यांना भाषेचा बसवायला त्रास झाला नाही. तेव्हाचं टाइमटेबल तुमच्या फायलीत असेल, काढून बघा.

दहा ते एकची गर्दी फोडायची तर बसचं वेळापत्रक समोर ठेवून बसा. हे मी ठेच लागून शिकलो. एका वर्षी मोठ्या हौसेनं बीएस्सीचे तास सकाळी आठला टाकले. कागदावर झकास दिसत होतं. जांबोटीकडची मुलं साडेनऊशिवाय पोचायची नाहीत, खानापूरची पोरं रेल्वे गेट पडलं म्हणून अडकायची, आणि आठच्या तासाला शहरातली सतरा-अठरा डोकी. महिन्यानं मुकाट्यानं बदललं. तुमच्याकडे तर दोन राज्यांच्या बसगाड्या: चिकोडी-संकेश्वरकडून आपल्या, कागल-गडहिंग्लजकडून एसटी. पास वेगळे, वेळा वेगळ्या, सुट्ट्यांच्या याद्या वेगळ्या. ११ जून २०२३ला शक्ती योजना सुरू झाली, कर्नाटकच्या बसमध्ये बायकांना प्रवास फुकट झाला आणि सकाळच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. सीमेवर कुठं काही झालं की दोन्हीकडच्या गाड्या बंद होतात, तो दिवस तर सोडूनच द्या.

म्हणून ॲडमिशन फॉर्मवरची गावं घ्या आणि प्रत्येक डिव्हिजनमध्ये साडेआठला किती मुलं पोचू शकतात ते मोजा. बहुतेक ठिकाणी असं निघतं की बीसीएला शहरातली मुलं जास्त असतात आणि बीएला खेड्यातली. मग बीसीए आणि एमकॉम साडेआठ ते दीड, बीए-बीकॉम अकरा ते चार. पूर्ण दोन पाळ्या नकोत, नुसती सरकवलेली सुरुवात पुरते. मुलींची शेवटची सोयीची बस कितीची आहे हेही विचारा. चारनंतरचा तास म्हणजे हजेरी पाडायचा उपाय. आणि गेस्ट लेक्चरर दुपारी दुसऱ्या कॉलेजात जातात, त्यांचे तास सकाळीच बसणार हे गृहीत धरा.

लॅबसाठी आपल्या मच्छ्याच्या व्हीटीयूकडे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या विद्यापीठाकडे बघा. विद्यापीठ १९९८चं, पण ही युक्ती कुठल्याही कॉलेजला कळण्यासारखी. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची निम्मी मुलं फिजिक्स सायकलला, म्हणजे फिजिक्स असलेल्या विषयांच्या गटाला, निम्मी केमिस्ट्री सायकलला. दुसऱ्या सेमिस्टरला अदलाबदल. म्हणजे सगळी मुलं एकाच वेळी एकाच लॅबवर तुटून पडत नाहीत आणि निम्म्या लॅबमध्ये काम भागतं. तुम्हाला सेमिस्टरचे विषय बदलता येणार नाहीत, पण बॅचेस आठवड्याआड फिरवता येतील. प्रॅक्टिकल दुपारी टाका, थिअरी सकाळी. उलटं केलं की तीन तासांची लॅब सकाळची मोक्याची वेळ खाते आणि तेवढा वेळ त्या डिव्हिजनचा वर्ग रिकामा राहतो.

खोल्याही सारख्या नसतात, हे टाइमटेबलवाल्याच्या ध्यानात राहत नाही. पत्र्याच्या छपराची खोली जुलैत वापरता येत नाही. आपल्याकडचा पाऊस पत्र्यावर पडायला लागला की मास्तर ओरडून ओरडून घसा बसवून घेतात आणि मागची चार बाकं आपापल्या गप्पा मारतात. तिथं पावसाळ्यात ड्रॉइंग, टेस्ट, ग्रंथालयाचा वाचनवर्ग ठेवा. उन्हाळ्यात मात्र तीच खोली दुपारी नको. पश्चिमेच्या खिडक्यांचंही तसंच. मी रजिस्टरमध्ये खोलीसमोर बाकांचा आकडा, पंखे, प्रोजेक्टर आणि एक शेरा लिहायचो: 'पाऊस नको', 'ऊन नको', 'शेजारी संगीत विभाग'. मापाची ढोबळ कल्पना हवी असेल तर इंजिनिअरिंगसाठी एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं ठरवलेला वर्ग ६६ चौरस मीटरचा आणि ट्यूटोरियल रूम ३३ची. त्यावरून पट्टी लावून बघा. १८ मुलांचा एमकॉमचा वर्ग १०० जणांच्या खोलीत आणि ९० मुलांचं बीकॉम ६०च्या खोलीत, असं तुमच्याकडे नक्की सापडेल. नुसती अदलाबदल करून एकदोन डिव्हिजन फोडाव्या लागत नाहीत.

वर्षाच्या कॅलेंडरवर बाहेरच्या मागण्या आधीच लाल शाईनं लिहा: पीयूसीची (अकरावी-बारावीची) परीक्षा, रविवारच्या भरतीच्या परीक्षा, निवडणूक. २०२४ला बेळगाव-चिकोडीत मतदान ७ मेला झालं आणि मोजणी ४ जूनला. ज्या इमारतीत मतदान यंत्रं ठेवली जातात तिथला भाग मधले चार आठवडे सील. मोठी आवारं सरकारच्या नजरेत पहिली भरतात. बाकी वर्षभर रिकाम्या इमारतीचं उदाहरण हवंच असेल तर हलग्याजवळची सुवर्णसौध, कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत, आहेच, ११ ऑक्टोबर २०१२ला उद्घाटन झालेली आणि हिवाळी अधिवेशनात गजबजणारी. त्यापुढे आपलं बीएचं रिकामं वर्गदालन काय घेऊन बसलात!

सॉफ्टवेअरबद्दल. एफईटी नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, तुमच्या आकाराच्या कॉलेजला पुरून उरतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातून निघालेलं युनिटाइम त्याहून भारी आहे, पण ते चालवायला कॉम्प्युटरचा जाणता माणूस लागतो. एका कॉलेजला ते नको. आत चालतं काय, तर एकाच वेळी होऊ शकत नाहीत असे दोन तास रेघेनं जोडायचे, कारण मास्तर एक किंवा मुलं एक. आणि जोडलेल्या कुठल्याही दोन तासांना एक वेळ येऊ द्यायची नाही. गणितात याला आलेख रंगवणं म्हणतात. यातून एक गोष्ट कळते: रेघा जास्त असतील तर खोल्या वाढवून काही होत नाही. एकच मास्तर चार ठिकाणी लागत असेल तर पन्नास खोल्या द्या, टाइमटेबल अडकणारच.

एफईटी वापरताना सगळे एकच चूक करतात. प्रत्येक अटीला किती वजन द्यायचं ते टक्क्यांत भरता येतं, आणि आपण सगळ्यांच्या इच्छांना शंभर टक्के भरतो. "मला शनिवारी तास नको" हेही शंभर, "एक मास्तर दोन ठिकाणी असू शकत नाही" हेही शंभर. मग यंत्र तासभर फिरून हात टेकतं. इच्छा खालच्या टक्क्यांवर ठेवा. आणि भरायचा क्रम: आधी भाषेचे सामाईक तास, मग बाहेरून येणारे गेस्ट, मग लॅब, मग मोठ्या डिव्हिजन, आणि एका खोलीत एका मास्तरावर भागणारं सगळ्यात शेवटी. दोन खोल्या पूर्ण आठवडा रिकाम्या ठेवा, कुणाला न सांगता. नळ फुटतो, प्लास्टर पडतं, एक्स्ट्रा लेक्चर निघतं, कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची माणसं येतात.

राहिला मजला. वरचं सगळं एका वर्षात करा, पुढच्या सेमिस्टरला पुन्हा मोजा, आणि मोजणीचे दोन्ही आठवडे शेजारी ठेवून मॅनेजमेंटपुढे जा. तरीही कमी पडत असेल तर ती कमतरता बहुधा साध्या वर्गांची नसेल. भाषेच्या आणि परीक्षेच्या वेळी लागणारा १२०-१५० जणांचा, मधे सरकतं पार्टिशन असलेला एक हॉल तुम्हाला लागेल. तो दोन वर्ग म्हणून चालतो आणि सेमिनारलाही. सहा खोल्यांचा प्लॅन आला तर त्यातल्या दोन काढून तो मागा. आणि प्लॅन बघताना जिन्याची रुंदी आणि मुलींची टॉयलेट किती आहेत ते पहिल्यांदा बघा. आमच्या नव्या मजल्याला जिना एकच ठेवला होता. दहाच्या घंटेला साडेतीनशे मुलं त्याच जिन्यानं वर आणि तेवढीच खाली, आणि प्रत्येक तास सात मिनिटं उशिरा सुरू होतो, अजूनही.